उम्म वाएलचं ताट

वैद्यकीयची एकच जागा उरली होती आणि टेबलावर फायली दोन. एक सिरिलची, त्याचे वडील विद्यापीठाचे विश्वस्त. दुसरी वाएलची, त्याचे वडील गल्लीतला जनरेटर चालवतात. गुण वाएलचे जास्त, पण गुणांना विचारतो कोण! समितीतल्या आठांनी हात वर केले तेव्हा चार इकडे, चार तिकडे झाले.

नववं मत युमनाचं. मुलांनी एकोणतीस दिवस पायऱ्यांवर ठाण मांडलं तेव्हा कुठे प्रवेश समितीत विद्यार्थ्यांना ही एक खुर्ची मिळाली होती. 'वशिला नको' म्हणून घसा फोडणाऱ्यांत युमनाच पुढे होती.

"बोला, शलहूबबाई," डीन म्हणाले. "की बरोबरी धरू? बरोबरीत माझं मत दोनदा मोजतात, माहीत आहे ना?" डीनचा हात सिरिलसाठी वर होता.

 युमनाने नुसता हात वर केला की वाएल डॉक्टर होणार होता. पण वाएल तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा, आणि सणाला त्याच्या आईने, उम्म वाएलने, मामूलचं, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचं, ताट वर पाठवलं होतं. दाराशी आलेलं ताट नाकारणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. युमनाच्या आईने ते घेतलं, आणि रिकामं कसं द्यायचं म्हणून द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या भरून परत पाठवलं. अख्ख्या जिन्याने ते पाहिलं.

"आई, तू माझं वाटोळं केलंस," युमना तेव्हा म्हणाली होती.

"मी? चार मामूल कुणी हाणले गं, न विचारता?"

समितीचा नियम साधा होता. उमेदवाराच्या घरचं काही घेतलं असेल त्याने उठून बाहेर जायचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्याखाली सही केली होती, आणि आजवर एकही जण उठला नव्हता. मूग गिळून बसण्यात ही मंडळी पटाईत.

युमना उठली. "वाएलच्या घरचं मी खाल्लंय. चार मामूल. मला मत देता येणार नाही."

कुणीतरी हसलं. डीन हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं आणि दाराकडे बोट केलं.

बाहेरच्या बाकावर बसून ती स्वतःलाच शिव्या घालत होती. काय मिळवलंस, बये? बरोबरी झाली, पोराचं कल्याण झालं. मोठी आली खरं बोलणारी.

तेवढ्यात दार उघडलं आणि गणिताचे म्हातारे डॉक्टर फर्हात काठी टेकत बाहेर आले. त्यांचा हात सिरिलसाठी वर गेलेला तिने पाहिला होता. ते शेजारी बसले.

"सिरिलच्या बहिणीच्या लग्नात जेवलोय मी," ते म्हणाले. "दोनदा वाढून घेतलं."

"मग मत?"

"मागे घेतलं. आता तीन विरुद्ध चार. बरोबरी गेली, डीन बसलेत कपाळाला हात लावून." ते काठीकडे बघत राहिले. "तेरा वर्षं या समितीत आहे पोरी. एकदाही उठलो नव्हतो. लाज वाटली."

थोड्या वेळाने डीन आले. "वाएल," एवढंच म्हणाले, आणि वर, "पत्र चार दिवसांनी जाईल. तोवर बाहेर एक शब्द गेला, तर तुमची ती खुर्ची मी काढून घेतलीच समजा."

संध्याकाळी युमना जिना चढत होती. उम्म वाएल दारातच उभी होती, हातात ताट. तिने ताट पुढे केलं. युमनाचा हात उचलला गेला होता, तो तिने मागे घेतला.

"आज नको, खाला. नंतर घेईन."

उम्म वाएलचा चेहरा पांढराफटक पडला. दारात आलेलं ताट कोण नाकारतं, आणि कशासाठी, हे त्या इमारतीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. "समजलं बेटा, जागा गेली," ती म्हणाली. "तू तरी काय करणार." तिने दार हळूच लोटून घेतलं.

आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि पत्राला अजून चार दिवस होते. युमना तिथेच पायरीवर बसली, तोंडावर हात दाबून.