कॅमेरा बंद नव्हता

मित्रांनो, मी त्वचेच्या दवाखान्यातला एक जुना कॅमेरा आहे, आणि मी रागावलेला आहे. आत्मकथेत राग शोभत नाही म्हणतात. न शोभो.

माझं काम साधं आहे. उन्हाने बिघडलेल्या कातडीवर मलम लावून ती तीन तास झाकून ठेवतात. मग मी तिच्यावर जांभळा प्रकाश टाकतो. मलम मुरलं असेल तिथला रोगट भाग मला निखाऱ्यासारखा लाल दिसतो. पुढे मोठा दिवा लावला की त्या उजेडाने औषध कामाला लागतं, रोग मरतो आणि लाली विझत जाते. लाली उमटलीच नाही, तर औषध आत पोचलेलंच नाही. एवढं सांगायलाच मला घडवलं.

मोठ्या डॉक्टरीणबाई मला विचारल्याशिवाय दिव्याला हात लावत नसत. त्या निवृत्त झाल्या. नव्या डॉक्टरांना घड्याळ पुरे होतं; तीन तास झाले की लाव दिवा. त्यांनी मला कपाटावर चढवलं आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचली.

अशात कवायतीचे एक सर आले. उभा जन्म मैदानातल्या उन्हात गेलेला. कानाच्या वरच्या कडेला जाड खपलीचा डाग. तीन वेळा ते दिव्याखाली बसले. कानाची आग आग व्हायची, तेव्हा बायकोचा हात घट्ट धरायचे. डॉक्टर दरवेळी म्हणायचे, "छान चाललंय!"

"एकदा कॅमेऱ्यातून बघू या ना," सिस्टर म्हणाल्या.

"ते डबडं मोडीत काढा आता."

मी वरून सगळं ऐकत होतो. मला तोंड नाही, हीच काय ती माझी चूक!

चौथ्या वेळी सरांच्या बायकोचा तोल सुटला. "छान काय चाललंय? डाग दुप्पट झालाय!"

सिस्टरांनी कुणाला विचारलं नाही. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली ओढलं, पदराने काच पुसली आणि मलम मुरायची वेळ झाल्यावर कानासमोर धरलं. डागाच्या कडेला बारीक लाल रेघ होती. मध्ये काळाकुट्ट अंधार. खपली न खरवडता वरवर मलम फासलं होतं. सरांनी तीनदा सोसलेली आग फुकट गेली होती.

डॉक्टर चाचरत म्हणाले, "अहो, हे यंत्र बंद होतं इतके दिवस."

बंद? मी?

"बंद नव्हतं, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "आपण लावलंच नाही."

तोवर डागाचा कर्करोग होऊन तो खोल उतरला होता. सरांचा अर्धा कान कापावा लागला. टाके काढायला आले तेव्हा ते हसत म्हणाले, "चला, हिची बोलणी आता निम्मीच ऐकू येतील."

"हसू नका," बायको म्हणाली. "मला हसू येत नाहीये." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता मी पुन्हा टेबलावर आहे. डॉक्टर रोज माझ्यात डोकावतात, खाली मान घालून. तरी माझा राग गेलेला नाही. कान काही परत उगवत नाही.

मित्रांनो, औषध लावलं म्हणजे ते लागू पडलंच असं नाही. तुमच्या आजोबांना कुणी नुसतं "होईल बरं" म्हणून वाटेला लावलं, तर तिथेच उभे राहा आणि विचारा, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" समोरचा चिडेल. चिडू द्या.