हातोडा न लावता बसवायची फरशी

उमरग्याच्या महालिंगप्पांनी हैदराबादेत कुणा नवाबाच्या हवेलीत भिंतीला लावलेली फरशी बघितली आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. निजामाच्या राज्यात आपलं माजघर तरी हवेलीसारखं दिसावं! शहाबादहून गाडीभर फरशा आल्या आणि बलभीम गवंडी कामाला लागला. एकेक फरशी दोघांनी उचलावी एवढी जड. त्यानं लोहाराकडून आकडे घडवून घेतले. भिंतीत आकडा ठोकायचा, त्यावर फरशी अडकवायची, मागं चुना भरायचा. साधं काम.

पहिला घाव बसतो न बसतो तोच मालकीणबाई चन्नम्मा आतून धावत आल्या. "ब्याड, ब्याड! नको रे! भिंतीला हातोडा लावायचा न्हाय."

"मग फरशी ऱ्हाईल कशावर, अक्का?"

"चुन्यावर."

"मातीची भिंत हाय. नुसता चुना धरायचा न्हाय. खाली कुणी बसलं तर जीवच जाईल की!"

"ते तू बघ," म्हणून त्या गेल्यासुद्धा. मालकांना विचारावं, तर ते म्हणाले, "ती म्हंती तसं कर," आणि दुकानाकडं सटकले. बलभीमला काही उमगेना. फरशी तर पाहिजे, पण हातोडा नको. हे घर शहाणं की आपण खुळे?

त्यानं मुकाट्यानं चुन्यावर एक फरशी चिकटवली, बांबूचे टेकू दिले. चुना वाळल्यावर टेकू काढले आणि फरशी धाडकन खाली आली. सून शिवगंगा भाजी निवडून तिथून नुकतीच उठली होती. चन्नम्मा किंचाळत आल्या. त्यांनी सुनेला जवळ ओढलं आणि आधी तिच्या पोटावरून हात फिरवला.

तेव्हा कुठं बलभीमच्या डोक्यात उजेड पडला. घरात पोटुशी बाई असली की भिंतीत काही ठोकत नाहीत, आणि तीन महिने सरेपर्यंत कुणाला सांगतही नाहीत. पण आता तर तो पुरताच गोंधळला. ठोकावं तर लेकराला भ्या, न ठोकावं तर आईला.

चन्नम्मा अंगारा आणायला आत गेल्या, तशी शिवगंगा हळूच म्हणाली, "दादा, ठोका आकडे."

"अगं पर..."

"मागल्या आठवड्यातच गेलं. म्या कुणालाच बोलले न्हाय. सासूबाई रोज माझ्यासाठी दूध आटवत्यात, त्यांच्यापुढं तोंडच उघडत न्हाय माझं."

जे तिच्या तोंडून निघत नव्हतं ते आपल्या हातोड्यानं सांगायचं, एवढं बलभीमला कळलं. अखेर मन घट्ट करून त्यानं घाव घातला.

"ब्याड!" चन्नम्मा अंगाऱ्याची वाटी घेऊन धावत आल्या. शिवगंगा जागची हलली नाही. तिनं खाली वाकून दुसरा आकडा उचलला आणि बलभीमच्या हातात दिला.

चन्नम्मांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "कवा गं?"