झच्या जागी डॉलर

पाळण्याची कडी करकरली आणि दुपारची शांतता मोडली. रुचिराने माऊसवरचा उजवा हात न हलवता डाव्या हाताने दोरी ओढली. चिराग पुन्हा झोपला आणि माझा ‘ळ’ पुरा झाला. मित्रांनो, मी फॉन्ट आहे, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांचं एक वळण. आता जुना झालो. पण १९९९ साली रत्नागिरीत मी असा जन्मलो, बाळाच्या झोपेत सापडेल तेवढ्या वेळात, तुकड्यातुकड्याने.

रुचिरा घरीच लग्नपत्रिका करायची. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या लाँचींवर रंगवलेली नावं तिला फार आवडत. तेच जाड, गोल पोटाचं वळण तिने मला दिलं.

शेजारी शरीफा राहायची. तिचा नवरा जैनुद्दीन कतारला टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी. पत्र पोचेपर्यंत टग दुसऱ्या बंदरात गेलेली असे, आणि फोनवर बोलणं ते कितीसं होणार? शरीफाला दिवस गेले होते. लेकरू वाढेल आणि बापाला काहीच कळणार नाही, हा घोर तिला लागला होता. मग रुचिराने एका फुकटच्या वेबसाइटवर तिला पान करून दिलं. शरीफा लिहायची माझ्याच अक्षरांत.

पण मी त्या काळचा फॉन्ट. कीबोर्डच्या इंग्रजी कळीवर मराठी अक्षर बसवलेलं. ज्या संगणकावर मी असे तिथे मराठी दिसे; नसे तिथे त्याच मजकुराचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा होई. पुढच्याच आठवड्यात शरीफा हसत आली, पण डोळे भरलेले.

“रुचिरा, ह्यांनी फोन केलानी. विचारतात, पोटुशी राहून बायको इंग्रजी शिकली की काय!”

“अगो, त्यांना सांग, ते वाचतात त्या सायबर कॅफेतल्या मशीनवर फॉन्ट टाकून घ्यायला.”

“सांगितलं ना मी. कॅफेवाला हात लावू देत नाय.”

रुचिराने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की पानाबरोबर फॉन्टही पाठवता येतो. तसं तिने केलं. आता पान उघडलं की मीही मागोमाग उतरायचो, कॅफेवाल्याला न विचारता. फोनची लाइन मंद, म्हणून ओझं हलकं करायला पानात होती तेवढीच अक्षरं तिने बरोबर दिली. बाकीची रत्नागिरीत राहिली. शिवाय मला त्या एकाच वेबपत्त्याशी बांधावं लागलं. दुसरीकडे कुठे त्या पानांबरोबर मी उघडणार नव्हतो.

जैनुद्दीनने सगळं वाचलं. फोनवर म्हणाला, “ही तर लाँचीवरची अक्षरं गो!” मित्रांनो, एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मग मुलगी झाली. शरीफाने मोठ्या हौसेने नाव टाकलं: झोया. संध्याकाळी फोन वाजला.

“नाव बरं ठेवलंस. पण त्यात डॉलर कशाला? हितं रियाल मिळतात!”

झाल्या प्रकाराला मीच कारण. शरीफा बोलते तशीच लिहायची, ‘माजा’, ‘जाला’; आधीच्या पानांत झ कुठे आलाच नव्हता, म्हणून तो बरोबर गेलाच नाही. ज्या कळीवर तो बसायचा, तिथे मुळातलं डॉलरचं चिन्ह दिसलं. रुचिराने कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी माझी सगळी अक्षरं पाठवली.

शरीफा लिहीत राहिली. दात आला, ताप आला, झोया दाराला धरून उभी राहिली. जैनुद्दीन सुट्टीवर आला तेव्हा लेक त्याला बघून रडली. पण तिच्या कुठल्या पायावर तीळ आहे, हे त्याला न दाखवता ठाऊक होतं.

पुढे युनिकोड आलं. सगळीकडे एकसारखं मराठी दिसू लागलं. चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग ती फुकटची वेबसाइट बंद पडली. रुचिराने पानं तेवढी सीडीवर उतरवून घेतली. जुना संगणक भंगारात गेला. मी एका फ्लॉपीवर उरलो, नाव न लिहिलेल्या. ती फ्लॉपी बिस्किटांच्या डब्यात बटणांखाली गेली. मित्रांनो, लिहिलेलं जपाल तेव्हा ते ज्या अक्षरांत लिहिलं तीही जपा, आणि वर नाव घाला.

परवा झोया आईबरोबर आली होती. आता ती दुसरीत आहे. वर्गात सगळ्यांनी आपापलं लहानपण सांगायचं होतं. रुचिराने नव्या संगणकात सीडी घातली. पडद्यावर चिवडा.

“फॉन्ट जुन्या मशीनबरोबर गेला गो,” रुचिरा हळूच म्हणाली. बटणांचा डबा तिच्या कोपरापाशीच होता.

“अब्बांना विचारू?” झोया म्हणाली.

“विचारलं मी फोनवर. ते म्हणतात, तूच लिहिलं होतंस, तुलाच माहीत.” शरीफा पडद्याकडे बघत राहिली. “लिहून ठेवलंय म्हणून मी लक्षात ठेवायचं सोडलं.”

झोयाने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

“अम्मी, मग मी पहिल्यांदा काय बोलले होते?”