सहा बाय सहा

दिवस कलला की विमलताईच्या बांगड्या भिंतीला लागायच्या. हिवाळ्यातला मंद संधिप्रकाश अंगणातून काढता पाय घेई, आणि तो पुरता विरण्याआधीच माझ्या या थोरल्या बहिणीचा उजवा हात भिंतीचा आधार शोधत निघे. काचेचा तो बारीक, संकोचलेला किणकिणाट म्हणजे आमच्या नागपूरच्या घराची सांज. तेव्हा ती सासरहून कायमची परत आली होती. तिची लेक मात्र तिकडेच राहिली होती.

भाऊजी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला. कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरवर बारा महिने राख धरे, आणि त्या मळकट उजेडात ताई कधी दाराच्या चौकटीवर आदळे, कधी पायाशी ठेवलेला पाण्याचा गुंड लवंडे. "काहून वं, डोये फुटले का?" सासू विचारी. शेवटी भाऊजींनी तिला सीताबर्डीवरच्या एका डॉक्टरांना दाखवलं. सहा मीटरवरच्या तक्त्यातली अगदी खालची, मुंगीएवढी अक्षरं तिने न अडखळता वाचली. डॉक्टर म्हणाले, सहा बाय सहा. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे वाचता येतं ते हिलाही येतं, काळजी नको. डोळ्यांत दोष नाही म्हणजे बाईचं लक्षच नाही, असा त्याचा अर्थ घरात लागला.

त्यानंतरच्या एका सायंकाळी, नुकती पाऊल टाकू लागलेली तिची लेक मुक्ता आईच्या कुशीला घासून पेटत्या शेगडीकडे गेली, आणि ताई समोरच्या परातीत कणीक मळत राहिली. किंकाळी उठली तेव्हा तो इवला तळहात भाजून निघाला होता. जखम भरली, ताईवरचा विश्वास भरून आला नाही. भाऊजींनी तिला एकटीला माहेरी आणून सोडलं. "तिले सारं दिसते, आई. फक्त पोरगी दिसत नाही," एवढंच ते आमच्या आईला म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

मग मी ताईला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचायला लावलाच नाही. त्या समोर बसल्या. "एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे पाहा. बाजूने बोट येताना दिसलं की सांगा." बोट ताईच्या कानाशेजारून निघालं, गालावरून सावकाश पुढे सरकलं, मला ते कधीचं दिसत होतं. ते बाईंच्या नाकाच्या रेषेत आलं तेव्हा ताई म्हणाली, "हं, आता."

"सहा बाय सहा खरंच आहे," बाई हळू म्हणाल्या. "पण समोरचं अक्षर किती बारीक वाचता येतं, तेवढंच तो आकडा सांगतो. बाजूचं किती दिसतं, अंधारात किती दिसतं, हे त्या तक्त्याला कळत नाही. तुमची नजर कडांकडून मिटत आली आहे. नळीतून पाहावं, तशी उरली आहे."

औषध नव्हतं. ताई माझ्याकडे वळली. "म्हणजे मी खोटी नव्हती गा," ती म्हणाली, आणि तिच्या मुद्रेवर आनंदासारखं जे काही उजळलं, ते मला पाहवेना.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ते सगळं घेऊन मी कोराडीला गेलो. "मंग तं पोरगी तिच्यापाशी ठेवताच येत नाही," भाऊजी शांतपणे म्हणाले. बेफिकीर म्हणून टाकलेली ताई त्या दिवशी आंधळी म्हणून टाकली गेली.

दर दिवाळीला मुक्ता भेटायला येई. ताई तिची हनुवटी धरून तो चेहरा तुकड्यातुकड्याने वाची: आधी कपाळ, मग एक भुवई, मग ओठ. दरवर्षी तुकडा लहान होत गेला. एका दिवाळीला तिने हनुवटी बराच वेळ इकडेतिकडे वळवली, मग सोडून दिली, आणि लेकीच्या दंडावरून हात फिरवत म्हणाली, "अंगानं भरली वं तू."

ताईच्या शेवटच्या दुखण्यात मुक्ता उशाशी बसून होती. कॉलेजात जाणारी, साडी नेसलेली. ताईने मलाच विचारलं, "पोरीचे समोरचे दात आले का गा?" दात पडलेल्या वयातच तिने मुक्ताला शेवटचं पाहिलं होतं. मुक्ताने तोंड फिरवलं. मी म्हणालो, "आले."

माणसं वाढत राहतात, दूर जातात, एक दिवस नाहीशी होतात. पण ज्या चेहऱ्यावर कुणाची दृष्टी शेवटची टेकली, तिथे काळ तसाच उभा राहतो, आणि त्याला पुढे चल म्हणणारं कोणीच उरत नाही.