वजनवाला

तालमीत जोर मारताना अंगद चक्कर येऊन पडला. दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं. डॉक्टरांनी खोदून विचारलं आणि एकवीस वर्षांच्या या पैलवानाने पहिल्यांदाच सांगितलं, की कुस्तीआधी तो उपाशी राहतो, मग अधाशासारखा खातो आणि बोटं घालून ओकतो. डॉक्टरांनी कुस्ती बंद केली. मानसोपचाराच्या जोडीला आहारतज्ज्ञ हवी, म्हणून त्याला शहरातल्या सावेडी भागात प्रार्थना साळवेंकडे पाठवलं.

प्रार्थनाने आहाराचा तक्ता दिला नाही. माणसाच्या मनात अनेक जण नांदतात, त्यातला कुणीही वैरी नसतो आणि प्रत्येकाशी बोलता येतं, अशा रीतीने ती काम करत असे. दुसऱ्या भेटीत तिने त्याच्यापुढे अर्धी भाकरी आणि वरण ठेवलं. अंगदने हात लावला नाही.

"आत्ता आत कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"वजनवाला. म्हनतो, खाल्लं की काटा हालंल."

"आणि खाणारा?"

"त्यो दुसरा. समदी झोपली की येतो. फरसाण, गूळ, दूध, घावंल ते खातो. मग वजनवाला वरडतो न मी मोरीत जातो." तो पुढे म्हणाला, "दोघान्लाबी चितपट करावं वाटतं, मॅडम."

"इतकी वर्षं लढतोयस. कोण जिंकलं?"

"कोनीच न्हाई."

"मग आज लढू नकोस. वजनवाल्याला नुसतं विचार, त्याने राखण सोडली तर काय होईल असं त्याला वाटतं?"

अंगदने डोळे मिटले. मग तो बोलू लागला. चौदाव्या वर्षी कोपरगावला निवड चाचणी होती. वडिलांनी, म्हणजे काकासाहेबांनी, गावातली माणसं टेम्पोत घालून आणली होती. काट्यावर वजन थोडंसं जास्त भरलं आणि तो लढायच्या आधीच बाद झाला. परत येताना राहुरीपर्यंत टेम्पोत त्याच्याशी कुणी बोललं नाही.

"तवापासून हाय त्यो. म्हनतो, परत तसं हू द्यायचं न्हाई."

"त्याच्या हिशोबी तू किती वर्षांचा आहेस?"

"चौदा." अंगदने डोळे उघडले आणि स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं. "त्याला ठाव न्हाई, मी मोठा झालोय ते."

"सांग त्याला."

त्याने मनातच सांगितलं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "चतकोर खा म्हनतो. जास्त न्हाई."

"चतकोर चालेल."

त्याने चतकोर खाल्ली. ओकायची ऊर्मी ओसरेपर्यंत प्रार्थना त्याच्याजवळ बसून राहिली. त्याच आठवड्यात तो घरी पुन्हा ओकला आणि पुढच्या भेटीत त्याने तसं सांगून टाकलं. तिने दोष दिला नाही. त्या वेळी आत कोण काय म्हणत होतं, एवढंच विचारलं.

पुढे एकदा काकासाहेब सोबत आले. साखर कारखान्यातून पाळी संपवून तसेच आले होते.

"मॅडम, ह्याच्या आत मानसं हायेत म्हनं. पोरगं येडं झालंय का?"

"तुमच्या आत नाहीत? एक म्हणत असेल पोराला खाऊ दे, दुसरा म्हणत असेल कुस्ती सुटायला नको."

काकासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हय. हायेत."

तेव्हा अंगद म्हणाला, "आन्ना, त्या दिवशी टेम्पोत तुमी माझ्याशी बोलला न्हाई."

काकासाहेबांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "आरं, मी फुडं डायवरशेजारी हुतो. कोल्हारला गाडी थांबवली, समद्यान्ला वडापाव घेतला. तुला द्यायला आलो तर तू तोंड फिरवलंस. मला वाटलं, पोराला भूक न्हाई."

"मला वाटलं, तुमी रागावलाय."

"न्हाई रं."

प्रार्थनाने बोलणं तिथेच राहू दिलं.

त्या भेटीने सगळं मिटलं नाही. पावसाळाभर कधी बरं, कधी वाईट असं चाललं. रक्ताचा अहवाल सुधारला, तशी डॉक्टरांनी हळूहळू सरावाला परवानगी दिली. वजन उतरवायचं नाही, या अटीवर तालमीच्या वस्तादांनी त्याला वरच्या वजनगटात घेतलं. नव्या गटातली पहिली कुस्ती तो गुणांवर हरला.

त्याने प्रार्थनाला फोन केला. "हरलो. वजनवाला लई बडबडला. मी म्हनलं, ऐकलं तुझं, आता बस. मग पोरांसंगं जेवलो."

"नंतर?"

"नंतर झोपलो."