मैनाबाईच्या चपला

अमरावतीत पाद्री घडवायची एक शाळा आहे. सेमिनरी म्हणतात तिला. नवरा गेल्यावर मूर्तिजापूरकडचं शेत मी दिराच्या हाती दिलं आणि मुलाजवळ, कुलदीपजवळ, राहायला आले. तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात जातो. दिवसभर घरी बसून काय करायचं, म्हणून मी सेमिनरीत झाडझुडीचं काम धरलं. तिथे माझा देव कोणता, हे मला कोणी विचारलं नाही.

मैनाबाई तिथेच भेटली. जर्मनीची. तिकडे शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी. इथलं ग्रंथालय नीट लावून द्यायला आली होती, बिनपगारी. वर्षभरासाठी म्हणून आली आणि राहतच गेली. खरं नाव लांबलचक होतं, आमच्या जिभेला वळेना, म्हणून विद्यार्थ्यांनी तिची मैनाबाई केली.

ग्रंथालयात शिरताना मी चपला बाहेर काढायची. पुस्तकांच्या खोलीत पायताण घालून जाणं मला जमलं नाही. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याही चपला दाराबाहेर. मग सगळेच काढू लागले. मैनाबाई आत आहे की नाही हे लांबूनच कळायचं. तिच्या चपला रुंद होत्या, तपकिरी, जाड पट्ट्याच्या.

मला अक्षर येत नव्हतं. पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवायला ती मला हाताशी घेई आणि चिकटवता चिकटवता एकेक अक्षर सांगे. साठी उलटल्यावर, चुकत, रडकुंडीला येत मी वाचायला शिकले. तिचं मराठी पुस्तकी होतं. बोलणं ती माझ्याकडून शिकली. म्हणजे वऱ्हाडीच शिकली. एकदा पुण्याहून मोठे पाद्रीसाहेब पाहणीला आले. तिनं हात जोडून प्रेमानं विचारलं, "तुमी काहून आले?" आमच्याकडे काहून म्हणजे का. साहेब चपापले. नंतर प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन, हे बाईंना कोण शिकवतं, असं विचारलं. मी झाडू घेऊन निघून गेले.

एक गोष्ट मात्र मी तिला हट्टानं शिकवली. संध्याकाळी निघताना ती आमच्याकडच्या बायकांसारखंच म्हणायची, "जातो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला दारातच अडवलं.

"जातो म्हनू नोको माय," मी म्हटलं. "येतो म्हन."

"पन मी तं जाऊन राहिली ना?"

"जाय ना. पन येतो म्हन. जाते ते मेलेलं मानूस."

ती खूप हसली. पण त्यानंतर चुकली नाही. नुसती चहा प्यायला उठली तरी म्हणे, "येतो, दुर्गाबाई." मी म्हणे, "ये."

मागच्या हिवाळ्यात तिचं अंग उतरू लागलं. पुस्तकांचा गठ्ठा उचलला की ती भिंतीला टेकून उभी राही. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा मी सोबत गेले. आत ती एकटीच गेली. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. म्हणाली, "म्हातारी झाली म्हने."

बसस्टँडवर तिनं संत्री घेतली. सोलून सगळ्या फोडी मलाच दिल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. मूर्तिजापूर आलं तेव्हा मी खिडकीतून आमच्या शेताची बाजू दाखवली. एरवी ती विचारायची, यंदा काय पेरलं, तूर कशी आहे. त्या दिवशी तिनं तिकडे पाहिलं, पण तिला काही दिसलं असं मला वाटलं नाही.

मग प्रार्थनेच्या वेळी प्राचार्यांनी सांगितलं की मैनाबाई उपचारासाठी मायदेशी जात आहेत, चार-पाच महिन्यांत परत येतील. सगळ्यांनी ते धरून ठेवलं. मलाही धरायचं होतं. ती परत येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. कपाट पुसता पुसता मी विचारलं, "येशील ना?" तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि वरचा कप्पा राहिला म्हणाली.

ती निघाली तो दिवस मोकळ्या उन्हाचा होता. नागपूरच्या विमानतळावर न्यायला गाडी आली होती. तिकडे थंडी, म्हणून तिनं पायात बूट घातले होते. चपला ग्रंथालयाच्या दाराशीच होत्या. प्राचार्य म्हणाले, बाईंनी बसमध्ये रुमाल टाकावा तशी जागा धरून ठेवली आहे. सगळे हसले, तीही हसली. मग ती एकेकाजवळ गेली. "येतो हं, येतो." विद्यार्थी म्हणत होते, या, लवकर या.

माझ्याजवळ ती शेवटी आली. माझा हात दोन्ही हातांत धरला. तिची बोटं गार होती.

"जातो, दुर्गाबाई," ती हळूच म्हणाली.

तिला दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडेच पाहत होती, डोळे न हलवता. ये म्हणायची माझी सवय, ते मला म्हणता आलं नाही.

"हो माय," एवढंच मी म्हटलं.

गाडी फाटकाबाहेर गेली. विद्यार्थी बराच वेळ हात हलवत होते.

अजून रोज प्रार्थनेत ते तिचं परत येणं मागतात. मी मागे भिंतीशी उभी राहते. कोणी मला विचारतं, मैनाबाईंचा काही निरोप? मी म्हणते, येतील. तिनं त्यांना जे सांगितलं ते मी का मोडू.

चपला तिथेच आहेत. यंदा नवे विद्यार्थी आले. त्यांच्यातली एक मुलगी दाराशी थबकली आणि दबक्या आवाजात विचारू लागली, आत कोणी मॅडम बसल्या आहेत का. मी म्हटलं, नाही, तू जा आत. ती गेल्यावर मी चपलांवरची धूळ पदरानं पुसली आणि होत्या तशाच ठेवल्या.