माझा बदललेला लाल

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. खायची नव्हे, प्रकाश देणारी. करंगळीच्या नखाएवढा माझा जीव, पण अंगावर हजारो इवल्या चकत्या कोरलेल्या आहेत. त्यांच्यावर निळा लेझर पडला की त्या लाल उजळतात. निदान उजळायला हव्यात!

माझी एक जन्माची रड होती. चकत्या कोरताना त्यांच्या कडा उघड्या पडल्या आणि कडेच्या अणूंना एका बाजूला शेजारीच उरला नाही. हे रिकामटेकडे अणू मिळालेली ऊर्जा प्रकाश होण्याआधीच मटकावून टाकत. चकती जितकी लहान, तितकी ही मंडळी डोईजड. त्यामुळे मी नुसती मिणमिणायचे.

मला घडवणारी ताई प्रयोगशाळेत संशोधन करायची. कडांवर पारदर्शक लेप चढवला तर हे अणू कामाला लागतील, असा तिचा विचार होता. पण लेप चढवताना माझ्या बहिणी, म्हणजे माझ्यासारख्याच इतर चिपा, एकेक करून तडकल्या आणि मी एकटी उरले. तेव्हा तिच्या मॅडमनी स्पष्टच सांगितले, "ही उजळली तर पुढे जाऊ. नाहीतर हा विषय सोडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात." ताईच्या तोंडचे पाणी पळाले.

माझ्यावर लेप अगदी छान बसला. मी नव्या कपड्यांत मिरवावे तशी ऐटीत सूक्ष्मदर्शकाखाली बसले. ताईने लेझर लावला आणि सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्याकडे पाहिले. पडदा काळाकुट्ट! मी तर जीव तोडून उजळत होते. तिने लेझर वाढवला, तारा तपासल्या, पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटी मशीनसाठी ताटकळलेल्या दादाला ती म्हणाली, "घे तू मशीन. माझी चिप गेली."

मला इतके वाईट वाटले म्हणून सांगू! पण चिपेला कुठे बोलता येते?

दादाला मशीन मोकळे करून द्यावे म्हणून ताईने कॅमेऱ्यापुढचा फिल्टर काढला. लेझर अजून चालूच होता, आणि पडदा लालभडक झाला. दादा डोळे बारीक करत म्हणाला, "अगं, गेली म्हणतेस हिला?"

झाले होते ते एवढेच. लेपाने मला उजळ तर केलेच, पण माझ्या चकत्यांत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंगही किंचित बदलला होता. मी जरा गडद लाल झाले होते. ताईचा फिल्टर मात्र फक्त माझा जुना लाल आत सोडत होता. ताई आधी हसली, मग रडली, आणि डोक्यावरची प्रयोगशाळेतली टोपी तशीच ठेवून मॅडमच्या खोलीकडे पळत सुटली. "फिल्टर आधीच का नाही काढून पाहिलास?" असे मॅडमनी विचारताच तिने जीभ चावली.

आता माझ्याहून सरस चिपा आल्या आहेत. मी एका डबीत पडून असते, कधीमधी कुणी आठवण काढते. मित्रांनो, मला उचललेत तर चिमट्याने, कडेला धरून उचला. लेपावर बोट लावू नका. आणि मी अंधारी दिसले, तर फेकून देण्याआधी एकदा फिल्टर काढून बघा. मी उजळतच असेन.